म्हातारपण लांबवणारा आहार आणि जुनाट इसब: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे दोन विषय एका पानावर आणण्याचं कारण सोपं आहे. दोन्हीकडे लोक पहिला प्रश्न एकच विचारतात: "काय खायचं आणि काय सोडायचं?" एका विषयात या प्रश्नाला थोडंफार उत्तर आहे. दुसऱ्यात बहुतेक वेळा प्रश्नच चुकीच्या ठिकाणी विचारला जातो. शिवाय दोन्ही संशोधनं एका ठिकाणी अगदी गमतीशीर रीतीने भेटतात, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

कमी खाल्ल्याने आयुष्य वाढतं, हे खरं की ऐकीव?

उंदरांच्या बाबतीत खरं. १९३५ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना जीवनसत्त्वं आणि क्षार पुरेसे देऊन उष्मांक तेवढे कमी केले. ते उंदीर पोटभर खाणाऱ्या उंदरांपेक्षा जास्त जगले. त्यानंतर यीस्ट, कृमी, माश्या, उंदीर अशा अनेक जीवांत हेच दिसलं.

माणसाच्या जवळ जायला लागल्यावर मात्र चित्र धूसर झालं. ऱ्हीसस माकडांवर अमेरिकेत दोन मोठे प्रयोग झाले, एक विस्कॉन्सिन विद्यापीठात आणि दुसरा राष्ट्रीय वार्धक्य संस्थेत. दोन्हीकडे काही माकडांना सुमारे ३० टक्के कमी खायला दिलं. २००९ साली विस्कॉन्सिनने जाहीर केलं की कमी खाणारी माकडं कमी आजारी पडतात आणि म्हातारपणाच्या आजारांनी कमी मरतात. २०१२ साली दुसऱ्या संस्थेने सांगितलं की त्यांच्या माकडांचं आयुष्य वाढलेलं नाही.

माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वांत शिकवून जाणारा भाग म्हणजे हा फरक का पडला ते. विस्कॉन्सिनच्या खाण्यात साखर सुमारे २८ टक्के होती, दुसरीकडे ४ टक्क्यांच्या आत. विस्कॉन्सिनमध्ये तुलनेची माकडं हवं तेवढं खात होती, तर दुसऱ्या ठिकाणी तुलनेच्या माकडांनाही मोजूनच मिळत होतं. म्हणजे एका प्रयोगात "कमी खाणं" विरुद्ध "गोडधोड भरपेट खाणं" अशी तुलना होती आणि दुसऱ्यात "कमी खाणं" विरुद्ध "बेताचं, बरं खाणं" अशी. बेताचं खाणाऱ्याने आणखी पोट मारलं तर हाती फार लागत नाही, असा त्याचा एक सरळ अर्थ निघतो. २०१७ साली दोन्ही गटांनी एकत्र बसून आकडे तपासले. प्रौढ वयात सुरू केलं तर फायदा दिसतो, अगदी लहानपणी सुरू केलं तर दिसत नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. वाढत्या वयाच्या मुलांना 'डाएट' लावणाऱ्या आईबापांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

माणसांवर असा प्रयोग झालाय का?

झालाय. 'कॅलेरी' नावाच्या अमेरिकी चाचणीत लठ्ठ नसलेल्या २२० निरोगी माणसांना घेतलं होतं. त्यातल्या काहींनी दोन वर्षं २५ टक्के कमी खायचं असं ठरलं. आहारतज्ज्ञ आणि समुपदेशक पाठीशी असूनही प्रत्यक्षात जमलं सुमारे १२ टक्के. मला हा आकडा निराश करणारा वाटत नाही, माणसासारखा वाटतो.

वजन, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, इन्शुलिन यांत चांगला फरक पडला. २०२३ साली त्याच लोकांच्या रक्तातल्या डीएनएवरच्या खुणा तपासल्या. वय किती वेगाने वाढतंय हे मोजणाऱ्या एका मापात २ ते ३ टक्के मंदपणा दिसला, इतर दोन मापांत काहीच फरक नाही. दुसरी बाजूही आहे. खुब्याच्या आणि मणक्याच्या हाडांची घनता थोडी घटली. ही माणसं जास्त जगली का, हे दोन वर्षांत कळणं शक्यच नव्हतं.

मग दिवसातून दोनदाच जेवायचं का? उपासाचं काय?

महाराष्ट्रात हा प्रश्न घरोघरी पोहोचला तो डॉ. श्रीकांत जिचकारांच्या व्याख्यानांमुळे आणि पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षितांमुळे. दोनच वेळा जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत आटपा, मध्ये काही नको. अनेकांची वजनं उतरली आणि सकाळ-संध्याकाळची बिस्किटं-फरसाण बंद झालं तर उतरणारच. पण घड्याळ लावून खाण्यात उष्मांक कमी होण्यापलीकडे वेगळी जादू आहे का?

चीनमध्ये ग्वांगझूला १३९ लठ्ठ माणसांवर एक वर्षभर चाचणी झाली. तिचे निकाल २०२२ साली प्रसिद्ध झाले. दोन्ही गटांना उष्मांक कमी करायला सांगितलं, एकाला वरून आठ तासांतच खायचं बंधन. वर्षाअखेर दोन्ही गटांचं वजन जवळपास सारखंच उतरलं होतं. म्हणजे ज्याला बंधनामुळे कमी खाणं सोपं जातं त्याने ते पाळावं, ज्याला भूक आवरत नाही त्याने अपराधी वाटून घेऊ नये.

आपल्या उपासाचं म्हणाल तर साबुदाण्याची खिचडी, दाण्याचा कूट, बटाट्याचा कीस आणि वर वेफर्स यांत 'कमी' काय झालं ते शोधावं लागतं. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण कुणा शास्त्रज्ञाने केलेली नाही, पण निरीक्षण पक्कं आहे.

मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना न विचारता जेवणं गाळू नका. साखर एकदम खाली जाऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो.

मी तर बारीकच आहे. मला हे लागू नाही ना?

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या संशोधन केंद्रातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं उदाहरण जगभर शिकवलं जातं. २००४ साली त्यांचा आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो 'लॅन्सेट' नियतकालिकात शेजारी शेजारी छापला गेला. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी एकच, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. काट्यावर बारीक, आतून चरबी जास्त आणि स्नायू कमी, ही आपली ठेवण. म्हणून आपल्याकडे नुसतं वजन पाहून समाधान मानू नये, कंबरेचा घेर मोजावा आणि स्नायू राखावेत.

साठीच्या पुढे तर पोट मारण्यापेक्षा प्रथिनं पुरेशी घेणं महत्त्वाचं. राष्ट्रीय पोषण संस्थेने प्रौढांसाठी किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत. वृद्धांसाठी तज्ज्ञ १ ते १.२ ग्रॅम सुचवतात (मूत्रपिंडाचा आजार असेल तर हिशेब वेगळा). दुधाचा चहा आणि दोन पोळ्यांवर दिवस काढणाऱ्या आजीच्या पायांतली ताकद का जाते, त्याचं एक कारण इथे आहे.

एनएमएन, रेसव्हेराट्रॉल वगैरे म्हातारपण लांबवतात म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्या घ्याव्यात का?

नको. रेसव्हेराट्रॉलने तेलकट खाणारे लठ्ठ उंदीर जास्त जगले, साध्या उंदरांत ते दिसलं नाही. एनएमएनने माणसाचं आयुष्य वाढतं असा पुरावा नाही. त्या पैशात कडधान्यं, भाज्या, फळं आणि मूठभर दाणे-अक्रोड वर्षभर येतील. सुकामेवा आणि ऑलिव्ह तेलाचा भूमध्यसागरी आहार निदान स्पेनमधल्या सुमारे ७,४०० माणसांवर तपासला गेलाय आणि त्यात हृदयविकार व पक्षाघाताचं प्रमाण जवळपास ३० टक्क्यांनी कमी दिसलं. रक्तावरून 'खरं वय' सांगणाऱ्या महागड्या चाचण्यांचंही तसंच. संशोधनात गटागटांची तुलना करायला त्या उपयोगी आहेत, तुमच्या एकट्याच्या आकड्यावरून काही ठरवावं इतक्या पक्क्या नाहीत.

या दोन विषयांचा एकमेकांशी खरंच संबंध आहे का?

आहे, आणि तो मातीत सापडतो.

१९६४ साली एक कॅनडियन मोहीम पॅसिफिक महासागरातल्या ईस्टर बेटावर गेली होती. तिथल्या लोकांच्या भाषेत या बेटाचं नाव रापा नुई. तिथून आणलेल्या मातीतल्या एका जिवाणूपासून मॉन्ट्रियलच्या प्रयोगशाळेत भारतीय वंशाचे सुरेंद्रनाथ सेहगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बुरशी मारणारं एक द्रव्य वेगळं काढलं. बेटावरून त्याला रापामायसिन म्हणाले. पुढे ती प्रयोगशाळा बंद झाली, कंपनीचा रस संपला, तेव्हा सेहगलांनी त्या जिवाणूचा नमुना घरच्या फ्रीजरमध्ये सांभाळून ठेवला. हे द्रव्य पेशीतल्या ज्या प्रथिनाला थोपवतं त्याला एम-टॉर म्हणतात. 'अन्न भरपूर आहे, वाढा' असा निरोप पेशीला देणारं हे प्रथिन. कमी खाल्लं की हा निरोप आपोआप मंदावतो आणि पेशी आपल्याच आतली मोडतोड साफ करायला लागते. त्या साफसफाईच्या यंत्रणेवरच्या कामासाठी जपानच्या योशिनोरी ओसुमी यांना २०१६ सालचं नोबेल मिळालं. २००९ साली उंदरांना उतारवयात, ६०० दिवसांचे झाल्यावर रापामायसिन दिलं, तरीही ते जास्त जगले.

आता दुसरी माती. जपानमधल्या त्सुकुबा इथल्या मातीतल्या जिवाणूपासून १९८४ साली टॅक्रोलिमस सापडलं. आज इसबाच्या पेशंटला चेहऱ्यावर लावायला जे स्टेरॉइड नसलेलं मलम लिहून देतात ते बऱ्याचदा हेच. रापामायसिन आणि टॅक्रोलिमस पेशीत शिरल्यावर आधी एकाच प्रथिनाला चिकटतात. तिथून पुढे वाटा फुटतात. एक एम-टॉरला थोपवतं, दुसरं त्वचेतल्या प्रतिकारपेशींना चेतवणारी यंत्रणा बंद करतं. म्हातारपणाच्या संशोधनातलं सर्वांत गाजलेलं औषध आणि तुमच्या मलमाची ट्यूब अशी सख्खी-चुलत आहेत. म्हणून कुणी टॅक्रोलिमस लावून तरुण होणार नाही, आणि रापामायसिनही निरोगी माणसाने मनाने घ्यायचं औषध नव्हे. ते प्रतिकारशक्ती दाबतं.

इसब नेमका कशाने होतो? रक्त बिघडल्याने?

रक्त 'बिघडत' नाही. इथे मी लहानपणापासून येणाऱ्या, वारंवार उफाळणाऱ्या ॲटोपिक इसबाबद्दल लिहितोय. त्यात दोन गोष्टी एकत्र असतात. एक म्हणजे त्वचेचा वरचा थर गळका असतो, ओल बाहेर जाते आणि धूळ, साबण, जंतू आत शिरतात. २००६ साली स्कॉटलंडमधल्या डंडी इथल्या गटाने दाखवलं की फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जनुकात दोष असेल तर इसबाचा धोका बराच वाढतो. दुसरी गोष्ट म्हणजे प्रतिकारशक्तीची चुकीची दिशा. काही ठरावीक संदेशद्रव्यं जास्त सुटतात, त्यांनी दाह होतो, खाज सुटते, खाजवल्याने थर आणखी फाटतो. खाज, खाजवणं, पुन्हा खाज, हे चक्र कुठेतरी तोडणं म्हणजे उपचार.

वांगं, मासे, दही, आंबट बंद केलं तर जाईल का?

बहुतेकांचा जात नाही. हे उत्तर घरातल्या मोठ्यांना आवडत नाही, मला कल्पना आहे.

काही लहान मुलांत अंडं, दूध, शेंगदाणे यांची खरी ॲलर्जी असते आणि तिथे ॲलर्जीतज्ज्ञाच्या सल्ल्याने पथ्य लागतं. पण खाल्ल्यावर काहीच होत नसताना केवळ रक्ताच्या तपासणीत आकडा वर आला म्हणून पाच-सात पदार्थ बंद करणं हा उलटा उद्योग होऊ शकतो. इसब असलेल्या बाळाच्या खाण्यातून एखादा पदार्थ दीर्घकाळ काढला तर शरीर त्याला ओळखेनासं होतं आणि पुढे तो खाल्ल्यावर गंभीर ॲलर्जी होण्याचा धोका वाढतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'लीप' चाचणीत तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या ६४० बाळांपैकी निम्म्यांना शेंगदाणे लवकर सुरू केले, निम्म्यांना पाच वर्षांपर्यंत दिले नाहीत. न देणाऱ्या गटात १७.२ टक्के मुलांना शेंगदाण्याची ॲलर्जी झाली, देणाऱ्या गटात ३.२ टक्के. (बाळाला अख्खा दाणा देऊ नये, घशात अडकतो. बारीक कूट पातळ करून द्यावा, आणि इसब तीव्र असेल तर आधी डॉक्टरांशी बोलून.)

प्रोबायोटिक आणि प्रिमरोझ तेलाच्या कॅप्सूल? कॉक्रेन संस्थेने दोन्हींवरच्या चाचण्या एकत्र तपासल्या. उपयोग जवळपास शून्य.

मिठाबद्दल २०२४ साली एक वेगळा धागा पुढे आला. ब्रिटनमधल्या दोन लाखांहून जास्त लोकांच्या नोंदींत, लघवीतून जास्त सोडियम जाणाऱ्यांमध्ये इसब थोडा जास्त दिसला. हे निरीक्षण आहे, कारण सिद्ध झालेलं नाही. पण लोणचं-पापड-फरसाण कमी करायला रक्तदाब हे कारण पुरेसं आहे, त्यात हे एक आणखी.

मग घरी करायचं काय?

मॉइश्चरायझर. ऐकायला फार सपक वाटतं, आणि म्हणूनच कुणी नीट करत नाही. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेच्या सूचनांत इसब असलेल्या मुलासाठी आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम असं प्रमाण दिलंय. आपल्याकडे ५० ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरवतात आणि मग 'गुण नाही' म्हणतात.

कुठलं घ्यायचं? २०२२ साली ब्रिटनमध्ये ५५० मुलांवर लोशन, क्रीम, जेल आणि मलम अशी चारही तुलना झाली. परिणामात फरक नाही. जे खिशाला परवडतं, अंगाला चिकचिकत नाही आणि जे मूल लावू देतं ते घ्या. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत घट्ट मलमाने घामोळं उठतं, तिथे लोशन बरं. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या थंडीत मलम.

खोबरेल चालतं का? चालतं. फिलिपिन्समधल्या एका चाचणीत मुलांमध्ये शुद्ध खोबरेल हे खनिज तेलापेक्षा सरस ठरलं. ऑलिव्ह तेल मात्र वरचा थर कमकुवत करतं असं दिसलंय, बाळाच्या मालिशीला महाग तेल म्हणून ते आणू नका. आंघोळ कोमट पाण्याने, थोडक्यात, आणि अंग टिपून ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावायचं. दिवाळीचं उटणं, डाळीचं पीठ, दगडाने घासणं हे इसबाच्या अंगाला नको. पॅराफिन असलेलं मलम कपड्यांत मुरतं आणि असे कपडे झटकन पेट घेतात, तेव्हा गॅस, निरांजन, समई यांच्याजवळ जपून.

आंघोळीच्या पाण्यात घालायची खास तेलं, रेशमी आतले कपडे, पाणी मऊ करणारी यंत्रं, या तिन्हींच्या ब्रिटनमध्ये रीतसर चाचण्या झाल्या. तिन्ही नापास. पैसे वाचले.

स्टेरॉइडची भीती वाटते. लावावं का?

भीती दोन प्रकारची असते, एक वाजवी आणि एक अवाजवी, आणि आपल्याकडे दोन्हींची उदाहरणं एकाच घरात सापडतात. डॉक्टरांनी लिहून दिलेलं सौम्य मलम बाळाला लावायला आई घाबरते, आणि त्याच घरातला काका मेडिकलमधून आणलेली क्लोबेटासोल (जहाल स्टेरॉइड), अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध एकत्र असलेली ट्यूब जांघेत वर्षभर चोळतो. जी भीती वाजवी, ती मात्र कुणालाच वाटत नाही. त्वचा पातळ होणं, जांभळट पट्टे, चेहऱ्यावर लालबुंद रेषा, हे अशा ट्यूबनेच होतं. आणि मुळात ते गजकर्ण असेल तर स्टेरॉइडने वरची लाली दबते, बुरशी खाली पसरत राहते. त्वचारोगतज्ज्ञांच्या पाठपुराव्यानंतर २०१८ साली केंद्र सरकारने १४ स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत अशा यादीत घातली. काउंटरवर काय चालतं ते तुम्हाला ठाऊक आहेच.

नीट वापरलं तर हे सुरक्षित आणि स्वस्त औषध आहे. माप असं: मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची रेघ काढायची. ते साधारण अर्धा ग्रॅम भरतं आणि बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. लाली असेपर्यंत रोज, मग थांबवायचं. वरचेवर त्याच जागी उफाळत असेल तर बरं झाल्यावरही आठवड्यातून दोनदा लावण्याचा उपाय डॉक्टर सांगतात आणि त्याने उफाळणं कमी होतं, हे चाचण्यांत दिसलंय.

गोळ्यांमधलं स्टेरॉइड ही वेगळी गोष्ट. दोन दिवसांत अंग स्वच्छ होतं, बंद केलं की दुप्पट उलटतं.

आयुर्वेदिक किंवा 'हर्बल' क्रीम?

झटपट गुण येणाऱ्या, लेबल नसलेल्या डबीवर संशय घ्यावा. लंडनमध्ये १९९९ साली चिनी वनौषधींची म्हणून दिलेली ११ मलमं तपासली, त्यातल्या ८ मध्ये डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड निघालं. २००८ साली इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक औषधांपैकी सुमारे २१ टक्क्यांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. नोंदणीकृत वैद्याकडे जात असाल तर औषधाचं नाव आणि घटक लिहून मागा.

नवीन इंजेक्शनं आणि गोळ्यांनी कायमचा बरा होतो का?

कायमचा नाही, पण तीव्र इसबाचं आयुष्य पालटतं. डुपिलुमॅबला अमेरिकेत २०१७ साली परवानगी मिळाली. दर दोन आठवड्यांनी इंजेक्शन. दाहाचे दोन मुख्य संदेश ते अडवतं. मूळ चाचण्यांत १६ आठवड्यांनी ३६ ते ३८ टक्के पेशंटची त्वचा जवळपास स्वच्छ झाली, खोट्या इंजेक्शनच्या गटात ८ ते १० टक्के. डोळे लाल होणं हा नेहमीचा त्रास. किंमत मात्र बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेर.

दाहाचे संदेश पेशीच्या आत थांबवणाऱ्या जॅक गटातल्या गोळ्या (उपाडासिटिनिब, ॲब्रोसिटिनिब) खाज फार लवकर थांबवतात. टोफासिटिनिब भारतात जेनेरिक मिळत असल्याने काही डॉक्टर ती वापरतात. या गोळ्यांवर जंतुसंसर्ग, रक्ताच्या गुठळ्या यांचे कडक इशारे आहेत, आणि आपल्या देशात सुरू करण्याआधी क्षयरोगाची तपासणी टाळू नये.

जुन्या, स्वस्त औषधांना मात्र उगीच कमी लेखू नका. ब्रिटन-आयर्लंडमध्ये १०३ मुलांवर सायक्लोस्पोरिन आणि मेथोट्रेक्सेटची तुलना झाली. सायक्लोस्पोरिनने लवकर गुण आला, पण औषध थांबवल्यावर मेथोट्रेक्सेटचा गुण जास्त टिकला. परवडणारा पर्याय शोधणाऱ्या घराला ही माहिती इंजेक्शनच्या जाहिरातीपेक्षा उपयोगी आहे. नियमित रक्ततपासणी लागते, आणि मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत.

वडिलांना सत्तरीत पहिल्यांदाच अंगभर खाज सुटली. हाही इसबच का?

असेलच असं नाही. वयाने त्वचा कोरडी होते आणि तेवढ्यानेही खाज येते. पण मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड, रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि क्वचित रक्ताचा कर्करोग यांनीही येते, म्हणून तपासण्या कराव्यात. घरातल्या दोघा-तिघांना रात्री खाज सुटत असेल तर आधी खरूज आठवा.

म्हातारपणी शरीरात मंद दाह धुमसत राहतो, आणि कोरडी, भेगाळलेली त्वचा त्यात भर घालते असा संशोधकांचा एक कयास आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या गटाने वृद्धांना महिनाभर रोज दोन वेळा क्रीम लावलं, तेव्हा रक्तातली दाहाची काही द्रव्यं खाली आली. अभ्यास अगदी लहान होता, त्यावरून वय मंदावतं म्हणणं धाडसाचं. खाज मात्र नक्की कमी होते.

ताबडतोब डॉक्टर कधी गाठायचा?

इसबाच्या जागी पाणी-पू भरलेल्या पिवळट खपल्या, वाढती लाली आणि ताप असेल तर. आणि एकाच आकाराचे, मधे खड्डा पडलेले बारीक फोड घोळक्याने उठले, दुखायला लागले, मूल मलूल झालं, तर त्याच दिवशी. हा नागिणीच्या जातीतल्या हर्पिस विषाणूचा संसर्ग असू शकतो, इसबाच्या अंगावर तो झपाट्याने पसरतो आणि त्याला ॲसायक्लोव्हिर हे विषाणूवरचं औषध लागतं. तोवर त्या जागी टॅक्रोलिमस लावू नका. फोड डोळ्याजवळ असतील तर नेत्रतज्ज्ञालाही त्याच दिवशी दाखवा.